संघपालभाऊंच्या घरचा जर्मन

पोंभुर्ण्यात संघपालभाऊंच्या घरी एक जर्मन राहतो, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. तो कपाटावर बसायचा. मंजुषाबाईंच्या लग्नातल्या शालूचा पदर कापून त्याला गवसणी शिवलेली होती. पावसाळ्यात त्याच्या उशाशी तांदळाची पुरचुंडी असायची, त्याला ओल बाधू नये म्हणून. मग घरात पाहुण्यांसाठी चुलीवर ठेवायला तांदूळ कमी पडले तरी चालेल.

हा जर्मन म्हणजे अकॉर्डियन. गळ्यात अडकवायची, भाता ओढत वाजवायची पेटी. काळ्या रंगाची, आणि समोर पितळी अक्षरांत 'ग्रँड बर्लिना' असं इंग्रजी नाव. संघपालभाऊ झाडीपट्टीच्या नाटकांत चाळीस हंगाम ती वाजवत आले. दिवाळी झाली की मंडया, म्हणजे जत्रा, भरतात, गावोगावी नाटकं लागतात ती थेट होळीपर्यंत, आणि रंगमंचाखाली डाव्या हाताच्या खुर्चीवर संघपालभाऊ. कंपनीच्या पत्रकावर नायिकेच्या नावाखालोखाल ठळक अक्षरांत छापलेलं असायचं : 'जर्मन अकॉर्डियनवर संघपाल'.

पोटापाण्याला ते शाळेत शिपाई होते. हंगाम आणि नोकरी एकाच वेळी सांभाळायची म्हणजे रजा लागणार, आणि रजेला कारण लागणार. बत्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी अर्जांमधून तीन मामा आणि दोन आत्या मारल्या. खरं तर त्यांना मामा एकच, आणि तो मामा दरवर्षी नाटकाला पहिल्या रांगेत बसून भुईमुगाच्या शेंगा खायचा. हेडमास्तरही त्याच रांगेत बसायचे. पण नाटकाच्या दिवसांत कुणी कुणाला असलं काही विचारत नाही.

जर्मनीबद्दल संघपालभाऊ असं बोलत, जणू तिथं त्यांचं आजोळ आहे. "जर्मन लोकाईचं काम कसं पक्कं रायते," असं ते शेजाऱ्याची मोटारसायकल बंद पडली तरी म्हणायचे. मंजुषाबाई ऐकून घेत. लग्न होऊन आल्या त्या वर्षी त्यांनी एकदा विचारलं होतं, "अजी, तुमी कधी चंद्रपूरच्या पलीकडं गेले का?" त्यावर नवऱ्याने दोन दिवस अबोला धरला होता. तेव्हापासून त्या जर्मनीच्या वाटेला गेल्या नाहीत.

ही पेटी त्यांना गुरूकडून मिळाली होती. बापूजी मास्तर. जातीने ढिवर, दिवसा तलावात जाळं टाकणारे आणि हंगामात पेटी वाजवणारे. जाताना त्यांनी शिष्याला जवळ बोलावून दोन गोष्टी सांगितल्या होत्या. एक, पेटी कधी उघडायची नाही. उघडली की आवाज उडून जातो. दोन, मधल्या सप्तकातल्या काळी तीनवर बोट ठेवायचं नाही. तिथं सूर आला की उडी मारून वरच्या सप्तकातला तोच सूर घ्यायचा आणि परत खाली यायचं.

ही 'बापूजींची उडी'. साऱ्या झाडीपट्टीत तिचं नाव होतं. गाणं सरळ चाललेलं असताना एकच सूर अचानक वर उसळायचा, मासा पाण्याबाहेर उसळी मारतो तसा, आणि लोक टाळी द्यायचे. त्या एका पट्टीवर बोट का ठेवायचं नाही, हे संघपालभाऊंनी कधी विचारलं नाही. गुरूने सांगितलं, विषय संपला.

भाद्रपदात या जर्मनाला दुखणं लागलं. तीन पट्ट्या मुक्या झाल्या. दाबल्या की नुसता वाऱ्याचा फुसकारा. संघपालभाऊंनी तांदळाची पुरचुंडी बदलली, उन्हात बसवलं, पंख्याखाली बसवलं. चार दिवसांत आणखी एक पट्टी घोगरी झाली. ही गोष्ट वडशाला कंपनीच्या मालकापर्यंत, हेमराजपर्यंत, कशी पोचली ते कळलं नाही, पण पोचली. त्याचा फोन आला.

"भाऊ, राग मानू नका," हेमराज म्हणाला. "यावर्षी मी कीबोर्डवाली घेऊन राह्यलो. आचल नाव आहे पोरीचं, ब्रह्मपुरीची. तुमची पेटी बोलत नाई म्हन्ते लोकं."

"बोलते. थोडी सर्दी झाली तिले."

"मंग तालमीले आना. सर्दी गेली असन तर खुर्ची तुमची. नाई तं यावर्षी पहिल्या रांगेत बसून नाटक पाहा. तुमच्या मामाजवळ जागा ठेवतो."

संघपालभाऊंनी फोन ठेवला आणि जेवायला नको म्हणाले. मंजुषाबाईंनी ताट झाकून ठेवलं. शाळेतून निवृत्त झाले तेव्हा हा माणूस दोन वाट्या वरण जास्त जेवला होता, हे त्यांना आठवत होतं. खुर्ची गेली तर मात्र याचं काय होईल, याचा त्यांना अंदाज करवेना. तालमीला महिना होता.

मंजुषाबाईंनी चंद्रपूरला मुलीला फोन केला. साक्षी तिथं बँकेत होती. आईबापांना तिने शनिवारी बोलावून घेतलं आणि 'ग्रँड बर्लिना' मोबाइलवर शोधायला बसली. तासभर शोधलं. मग म्हणाली, "बाबा, अशी कंपनीच नाई कुठी."

"बंद पडली असन."

"बंद पडलेल्यांची पन यादी आहे इथी. त्यात नाई." तिने स्क्रीन वर सरकवली. "इथी लिहून आहे, तेव्हाचे दुकानदार बाहेरून पेट्या आनून आपलं नाव चिकटवत. आत एकाचं काम, बाहेर दुसऱ्याचं नाव."

"बापूजी मास्तर दुकानदार होते का?"

"नाई."

"मंग?" संघपालभाऊंनी विजयी मुद्रेने चहा घेतला.

चंद्रपुरात जटपुऱ्याकडे श्रावण नावाचा हार्मोनियम दुरुस्त करणारा होता. त्याच्याकडे पेटी नेली तेव्हा संघपालभाऊ दुकानाच्या पायरीवरच अडले. पेटी उघडायची नाही ना.

"भाऊ, न उघडता मी काय हात फिरवून अंगारा देऊ?" श्रावण म्हणाला.

"गुरूची आन आहे."

मंजुषाबाईंनी पेटी त्यांच्या हातातून घेतली आणि श्रावणच्या पुढ्यात ठेवली. "तुमाले आन आहे," त्या म्हणाल्या. "मले नाई."

संघपालभाऊ पाठ करून रस्त्याकडे बघत उभे राहिले, घरातल्या माणसाचं ऑपरेशन चालू असल्यासारखे. श्रावणने खिळे काढले. मग त्याने नखाने आतल्या कडेचा काळा रंग खरवडला, वास घेतला, आणि मंजुषाबाईंकडे बघितलं.

"बाई, जर्मनीत सागवान होते का?"

भाता आणि बटणांची बाजू कुठल्या तरी जुन्या परदेशी पेटीची होती, त्यावरचा छाप पाण्याने धुऊन गेलेला. पण बाकीचा सगळा सांगाडा सागाचा होता, सुबक, एकेक सांधा केसाइतकाही फरक न ठेवता जुळवलेला. आणि सागाच्या पट्टीवर ओळीने पितळी पत्त्या, ज्यांच्या थरथरण्यातून सूर निघतो त्या. त्याही हाताने कानशीने घासलेल्या. त्यातल्या चार थकून मोडल्या होत्या.

"बाजारच्या पत्त्या यात बसत नाई," श्रावण म्हणाला. "ह्या खाचा त्या मानसाच्या मापाच्या आहेत. ज्यानं बनवली त्यालेच शोधा." आणि त्याने चष्मा वर करून पट्टीच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहिलेलं वाचून दाखवलं : "कोलू. आलापल्ली डेपो. सन अठ्ठ्याहत्तर."

संघपालभाऊ रस्त्याकडे तोंड करून उभे होते, पण ऐकत होते. त्यांचे खांदे खाली आले.

घरी येताना बसमध्ये ते गोंधळलेल्या आवाजात म्हणाले, "एखाद्या जर्मन मानसाचं नाव कोलू असू शकते."

"हाव," मंजुषाबाई म्हणाल्या. "आन् त्याची डेपोत बदली झाली असन."

दोन दिवसांनी दोघं आलापल्लीला निघाली. गोंडपिपरीला बस बदलली, आष्टीचा पूल ओलांडला, मग दोन्ही बाजूंना साग सुरू झाला. संघपालभाऊ मांडीवर पेटी धरून त्या झाडांकडे असे बघत होते, जणू एकेकाला विचारत होते, तुझा भाऊ लागतो का रे हा. लाकडाच्या डेपोवर चौकशी केली तर जुन्या चौकीदाराने लगेच सांगितलं, कोलू मिस्त्री ना, आरागिरणीवरचा. आहे की, तीन किलोमीटरवर गाव आहे, बायको भांडखोर आहे, सांभाळून जा.

कोलू अंगणात बाजेवर बसून टोपली विणत होता. ऐंशीच्या घरातला, बारीक, हाताची बोटं मात्र अजून सरळ. जोहार झाला, पाणी झालं. संघपालभाऊंनी गवसणी काढली आणि पेटी त्याच्यासमोर ठेवली. कोलूने तिच्याकडे पाहिलं, मग पाहुण्यांकडे.

"हे कोनची?"

"तुमची म्हन्ते," मंजुषाबाई म्हणाल्या.

"माही नाई. माही कोऱ्या लाकडाची होती. रंग नव्हता." त्याने पेटी उलटी केली, खिळे काढून आतली पट्टी बाहेर घेतली, डोळ्यांजवळ धरली आणि आपलंच अक्षर वाचलं.

मग गोष्ट निघाली ती अशी. चंद्रपूरला एक सर्कस आली होती. तिचा बाजा पुराच्या पाण्यात भिजून फुगला, तो त्यांनी टाकून दिला. बापूजी मास्तरने उचलून आणला. पण भाता आणि बटणांची बाजू सोडली तर त्यात काही उरलं नव्हतं. मास्तर आलापल्लीला आला आणि कोलूच्या घरी पंधरा दिवस राहिला. कोलूने गिरणीवरच्या सागाच्या तुकड्यांतून सांगाडा केला. पितळ मिळेना, तेव्हा घरातली परात कापली.

"घरातली नाई," आतून आवाज आला. कोलूची बायको, बुधरी, दारात येऊन उभी राहिली. "माही. माह्या मायनं देल्ली. पंचेचाळीस साल झाले, मी जर्मनच्या परातीत कनिक मळून राह्यली."

तिकडे ॲल्युमिनियमच्या भांड्याला जर्मन म्हणतात. मंजुषाबाईंनी पदर तोंडाला लावला. नवऱ्याकडे बघायची सोय नव्हती.

"मास्तरनं नाटकाले बोलावतो म्हनलं होतं," कोलू म्हणाला. "बोलावलं नाई. दोन-तीन सालानं आमी चामोर्शीच्या मंडईत गेलो. तिथी एक जन काळा बाजा वाजवत होता, दुरून तोंड दिसे नाई, समोर इंग्रजी नाव चमके. लई गोड. लोकं म्हने, जर्मनीचा आहे. मी बुधरीले म्हनलं, पाह्य, बाहेरची वस्तू अशी रायते. आपली कुठी पडून सडली असन."

संघपालभाऊंनी विचारलं, "तो वाजवनारा एक सूर उडी मारून घेत होता का?"

"हाव. तेच तं सांगून राह्यलो. वर जाये आन् खाली ये. मले वाटलं जर्मनीत तसंच वाजवत असन."

"मंग मास्तरच होते ते. रंग आन् नाव त्याईनंच चढवलं असन."

कोलूने पट्टी परत बसवली, भाता ओढत मधली काळी तीन शोधली. दाबली. काहीच वाजलं नाही. "इथी पत्तीच नाई," तो म्हणाला. "परातीले एका जागी ठिगळ होतं. तिथलं पितळ मऊ. शेवटची पत्ती त्यातून केली, ते बोललीच नाई. मास्तरले घाई, दुसऱ्या दिवशी त्याचं नाटक. म्हने, राहू दे, हंगाम झाला का येतो. आलाच नाई."

संघपालभाऊ बाजेच्या कडेवर बसले. चाळीस हंगाम. गुरूची आज्ञा म्हणून त्यांनी त्या पट्टीला बोट लावलं नव्हतं. पोरांना शिकवताना त्या पट्टीवर बोट ठेवणाऱ्याच्या हातावर पट्टी मारली होती. झाडीपट्टीतले ऑर्गनवालेसुद्धा, ज्यांच्या ऑर्गनमध्ये तो सूर धडधाकट होता, तेही तिथं आला की उडी मारत होते. आणि कारण काय, तर बुधरीच्या परातीला ठिगळ होतं.

"साक्षीची माय," ते हळूच म्हणाले, "म्हंजे मी एवढे साल काय वाजवलं?"

"परात," मंजुषाबाई म्हणाल्या. मग त्यांना राहवलं नाही, आणि त्या नवऱ्याच्या पाठीवर हात ठेवून हसल्या. त्यांच्यापाठोपाठ बुधरी हसली, मग कोलू, आणि सर्वांत शेवटी, नाइलाजाने, संघपालभाऊ.

पाच पत्त्या हव्या होत्या, चार मोडलेल्यांच्या जागी आणि एक काळी तीनची. पितळ कुठून आणायचं हा प्रश्न आला तेव्हा सगळ्यांनी बुधरीकडे पाहिलं. परातीचा उरलेला अर्धा भाग कोंबडीच्या पिल्लांवर झाकायला होता. बुधरी म्हणाली, नाही. मंजुषाबाई तिच्याबरोबर आत गेल्या, भाजी निवडायला बसल्या. नवरे, पेट्या, मास्तर लोक, माहेरची भांडी, असं पुष्कळ बोलणं झालं. अर्ध्या तासाने बुधरीने स्वतः उठून पिल्लं टोपलीखाली घातली आणि परातीचा तुकडा नवऱ्यापुढे आपटला.

"पन यावेळी ठिगळावरून घेऊ नको," ती म्हणाली.

तीन दिवस लागले. कोलूचे हात चालत होते, डोळे थकले होते. माप तो बोटाने घ्यायचा आणि संघपालभाऊ कानाने. एक पत्ती घासायची, बसवायची, भाता ओढायचा, "अजून खाली आहे," परत काढायची. तिसऱ्या दिवशी काळी तीन पहिल्यांदा बोलली. थोडी अनुनासिक, पण बोलली. संघपालभाऊंनी ती चार-पाच वेळा दाबून पाहिली. निघताना त्यांनी स्क्रू ड्रायव्हर मागून घेतला आणि समोरची पितळी अक्षरं एकेक करून काढली. "बाई, हे पन पितळ आहे," ती बुधरीच्या हातात देत ते म्हणाले. "मोड म्हून विकजो." बुधरीने ती शेजारच्या पोरांना खेळायला दिली.

वडशाला तालीम दुपारची होती. कंपनीच्या पत्र्याच्या शेडमध्ये हेमराज खुर्ची टाकून बसला होता, आचल आपला कीबोर्ड मांडून तयार होती. संघपालभाऊंनी पेटी गळ्यात घातली. नायिकेचं पहिलं पद सुरू झालं. सगळे सूर होते, भरदार, सागाचा तो घुमणारा आवाज. काळी तीन आली, संघपालभाऊंनी तिच्यावर सरळ बोट ठेवलं आणि पुढे गेले. परत आली, परत सरळ. पद संपलं.

हेमराजने कान खाजवला. "भाऊ, पेटी दुरुस्त केली का बिघडवली?"

"काऊन?"

"उडी कुठी गेली? असं सपाट तं हे पोरगी पन वाजवते."

"काकाजी, मी सपाट नाई वाजवत," आचल म्हणाली. "मी यूट्यूबवर तुमचे व्हिडिओ पाहून उडी शिकली. दोन महिने लागले मले. आन् तुमीच नाई मारून राह्यले." आणि तिने कीबोर्डवर, जिथं एकही पट्टी मुकी नव्हती तिथं, बापूजींची उडी मारून दाखवली.

कोपऱ्यात बसलेल्या मंजुषाबाईंनी नवऱ्याचा चेहरा पाहिला. तो आधी लाल झाला, मग त्यावर असं काही आलं की त्यांना वाटलं, आता हा रडणार. पण संघपालभाऊंनी भाता ओढला. या वेळी काळी तीन आली तेव्हा त्यांनी दोन बोटं पुढे नेली, जराशी वाट पाहिली, आणि वर उडी मारली. परत आल्यावर सरळ सूर घेतला. मग पुन्हा उडी. पट्टी मुकी नव्हती. मारायची म्हणून मारली. हेमराज मांडीवर ताल धरायला लागला.

"पाच पदं तुमची, सहा आचलची," पद संपल्यावर तो म्हणाला. "वय झालं भाऊ, समजून घ्या. आन् खुर्ची आहेच."

पूर्वी अकराही पदं त्यांची असायची. संघपालभाऊंनी मान डोलावली. पाचही बरीच, असं मंजुषाबाईंना वाटलं. गुडघे तरी वाचतील.

"पन पत्रकात जर्मन लिहू नका," संघपालभाऊ म्हणाले. "आलापल्लीची पेटी, बनवनारे कोलू मिस्त्री, असं लिहा."

"छापून झाले की पत्रकं. दहा हजार."

"मंग माइकवरून सांगा. दरवेळी. नाई तं मी बसत नाई." आणि त्यांनी खरंच गळ्यातली पेटी काढायला हात वर केला.

महिनाभर या खुर्चीसाठी हा माणूस धड जेवला नव्हता, झोपला नव्हता, आणि मिळाली तर आता आपणच उठतोय. मंजुषाबाई मध्ये पडल्या नाहीत.

हेमराज विचार करू लागला. तो मुळात वाईट माणूस नव्हता, धंदेवाला होता. "कसं सांगाचं माइकवर? सर्कशीचा भाता, गिरणीचं लाकूड, कोन्या बाईची परात. लोकं हासतील ना भाऊ."

"हासू दे."

"हासू दे म्हने." हेमराजने वहीत काहीतरी लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. "बरं. हासले तं चांगलंच आहे. यंदा पहिला अंक लई रडका आहे. त्या कोलूभाऊले आन् त्याच्या बायकोले पहिल्या मंडईले बोलावून घ्या, मी गाडी धाडतो. नावं नीट सांगा मले, बाईचं पन."

संघपालभाऊंनी नावं सांगितली. मग खुर्ची थोडी सरकवून आचलच्या बाजूला बसले, चष्मा पुसला आणि तिच्या पदांच्या वहीकडे हात पुढे केला. "दाखव पोरी," ते म्हणाले, "माही पाच कोनची ते."